मिरचीचा मरीची

आमच्या नात्यात लग्नाच्या पंगतीला बसलं की पहिल्या घासाआधी मला एक प्रश्न येतो, 'सध्या काय करतोस?' बाकीच्या भावंडांना नुसतं 'काय करतोस' विचारतात. 'सध्या' हा शब्द खास माझ्यासाठी राखून ठेवलेला आहे. तीस वर्षांत मी दर लग्नात वेगळं उत्तर दिलं, त्याचं हे फळ.

१९९३ साली मी म्हणालो होतो, 'लिहितो.' शेजारच्या काकांनी भातात खळगा करत विचारलं, 'ते झालं, पण काम काय करतो?' पुढच्या लग्नापर्यंत मी सुधारलो आणि म्हणालो, 'संपादन करतो.' त्याबरोबर समोरच्या रांगेतले बदनापूरकडचे मामा पत्रावळीसकट पुढं सरकले.

"आरं मग इतके दिवस बोलला काहून नाही? आपली पाऊण एकर पाझर तलावात गेली. मावेजा कवाचा अडकून पडलाय."

आमच्या घराण्याला एकच संपादन माहीत होतं, ते म्हणजे भूसंपादन. पोरगा शहरात राहून नम्र झालाय, म्हणून त्यानं 'भू' गाळला असावा, असा मामांचा समज झाला. मी म्हणालो, "मामा, मी लेखांचं संपादन करतो."

"म्हंजे खरेदीखतं?"

"नाही हो. लिहिलेलं असतं, ते मी कापतो."

मामांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग हलकेच म्हणाले, "कापायचं तर कापा, पण आपलं तेवढं वाढवून द्या."

मी ज्या साप्ताहिकात कापाकापी करत होतो ते जुन्या जालन्यात, एका किराणा गोदामाच्या माडीवर होतं. १ मे १९८१ला औरंगाबादपासून वेगळं होऊन जालना जिल्हा झाला. जिल्हा झाला की कलेक्टर येतो, जिल्हा परिषद येते आणि त्यांच्या मागोमाग, त्यांच्यावर लक्ष ठेवायला, साप्ताहिकं येतात. आमच्या साप्ताहिकाचे संपादक, मुद्रक, प्रकाशक आणि मालक एकच गृहस्थ होते. उरलेले सगळे मी होतो.

पहिला लेख मी कुंडलिका नदीवर लिहिला. जुना जालना एका काठाला, नवा जालना दुसऱ्या काठाला, आणि मधून वाहणारा (म्हणजे पावसाळ्यात वाहणारा) इतिहास, असा बाराशे शब्दांचा ऐवज होता. मालकांनी वाचला. डोळे पुसले. मग म्हणाले, "फार सुंदर. पण एका पतसंस्थेची जाहिरात आलीय. खालून सहा इंच कापा."

"खाली शेवट आहे."

"मग वरून कापा."

नदी तशी दोन्हीकडून आटतच आली होती. लेखही त्याच वळणानं गेला.

लेखांपेक्षा आमचा भर वाढदिवस विशेषांकांवर असे. तिथं माझी लेखणी फुलायची, पण फुलं ठरलेली होती: 'कार्यसम्राट', 'युवकांचे आशास्थान', 'गोरगरिबांचे कैवारी'. आमचे खिळेजुळारी नाना हे शब्द एकदा जुळवले की सुटे करतच नसत. सुतळीनं करकचून बांधून फळीवर ठेवत. माणूस बदलला की फक्त नाव बदलायचं. मी रात्र जागून लिहिलेला मजकूर नानांच्या फळीवर आधीच तयार असे. लेखक म्हणून माझा पहिला मोठा अपमान सुतळीनं केला.

नाना चौथी शिकलेले. पण शिशाचे उलटे खिळे ते मी सुलटी अक्षरं वाचतो त्याच्यापेक्षा भरभर वाचत. एकदा त्यांच्या हातात बिनअक्षरांचे बुटके तुकडे दिसले.

"नाना, हे काय?"

"जागा."

"कसली जागा?"

"दोन शब्दांच्या मधली. आणि ही लांब पट्टी दोन ओळींच्या मधली." त्यांनी मूठभर जागा माझ्या तळहातावर ठेवली. चांगली जड होती. "तुमचं बरं आहे, तुम्ही दोन शब्दांत जागा सोडता तेव्हा पेन उचलता. आम्ही सोडतो तेव्हा शिसं उचलतो."

रिकामी जागा शिशाची असते आणि ती विकत घ्यावी लागते, हे ज्ञान मला बी.ए.च्या तीन वर्षांत कुणी दिलं नव्हतं. त्या दिवशी त्याचा उपयोग कळला नाही. तो पुढं वीस वर्षांनी झाला.

पगार मात्र शिशाइतकाही जड नव्हता. म्हणून मी शेजारच्या मोठ्या शहरात गाइडं छापणाऱ्या एका प्रकाशनाकडे मुद्रितशोधन धरलं. पानाला दोन रुपये. या कामात पैसे कमी आणि रोग कायमचा मिळतो. डोळ्याला चुकीशिवाय काही दिसेनासं होतं. खानावळीच्या पाटीवर 'जेवन तयार आहे' वाचून मी दोनदा उपाशी परतलो. एसटीच्या पाटीवरची वेलांटी बघत उभा राहिलो, तर एसटी निघून गेली. वेलांटी बरोबर होती.

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला गेलो तर समोरच्या भिंतीवर मण्यांचं तोरण, त्यात 'सुस्वागतम'. मी पोह्याचा चमचा खाली ठेवला आणि म्हणालो, "स्वागतमध्ये एक 'सु' आधीच असतो." खोलीत शांतता पसरली. वडलांनी माझ्या पायावर पाय दिला. मुलगी मान खाली घालून बसली होती, ती तशीच म्हणाली, "मग जास्तीचा तुम्ही घेऊन जा." आमचं लग्न ठरलं. तो 'सु' अजून आमच्या दारावर आहे. तोरण तिनं सासरी आणलं.

लग्नानंतर खर्च वाढला म्हणून पुन्हा जालन्याला, त्याच माडीवर आलो. तोवर नानांचे खिळे भंगारात गेले होते आणि त्यांच्या जागी कॉम्प्युटर आला होता. त्याला वेगळी खोली, पंखा, आणि बाहेर पाटी: चपला काढून आत यावे. आत बसणारा डीटीपी ऑपरेटर वीस वर्षांचा होता. संपादकांना मी 'साहेब' म्हणायचो, संपादक त्याला 'सर' म्हणायचे. दिवाळी अंकाच्या ऐन घाईत, लक्ष्मीपूजनाला तीन दिवस असताना, सर पुण्याला चांगली नोकरी लागल्यामुळे निघून गेले. कोणती फाइल कुठं आहे हे ज्ञानही त्यांच्याबरोबर गेलं.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही बसा."

"मला कुठं येतं?"

"मजकूर तुम्हाला कळतो. मजकूर कॉम्प्युटरमध्येच आहे."

या तर्काला उत्तर नव्हतं. मी चपला काढून आत गेलो, तो अजून पुरता बाहेर आलेलो नाही.

त्या रात्री मला एक अघोरी शोध लागला. आजवर लेख लांबला की शब्द कापावे लागत होते. आता अक्षरंच बारीक करता येत होती! लेखकाचं मन दुखवायचं नाही, वाचकाचे डोळे दुखवायचे. शिवाय अक्षरं ताणता येत होती, तिरकी करता येत होती, त्यांना सावली देता येत होती. यंत्रात पन्नास फॉन्ट होते. त्या अंकात मी एकोणपन्नास वापरले. पन्नासावा सापडला नाही. अग्रलेख मुंगीच्या पावलाएवढ्या टायपात, आणि त्याचं शीर्षक अर्धं पानभर. अंक बघून मालक खूश झाले. वाचून कुणी खूश झाल्याचं कळलं नाही, कारण तो वाचता येत नव्हता.

पुढं साप्ताहिक आटलं आणि मी नव्या जालन्यात आपलं छोटं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, पावतीपुस्तकं आणि फ्लेक्स. त्या वर्षीच्या पंगतीत मी सांगितलं, 'ग्राफिक डिझायनर आहे.' आत्यानं आनंदानं विचारलं, 'साड्यांचं का?' आईनं परस्पर निकाल लावला: 'कॉम्प्युटरवर असतो.' कॉम्प्युटर हे जणू गाव असावं आणि तिथं माझी बदली झालेली असावी.

शुभेच्छांच्या फ्लेक्सचं शास्त्र कुठल्या कला महाविद्यालयात शिकवत असतील असं वाटत नाही. मुंबईच्या साहेबांचा फोटो सगळ्यांत मोठा, जिल्ह्याच्या साहेबांचा त्याहून लहान, तालुक्याच्या भाऊंचा त्याहून लहान, आणि पैसे देणाऱ्याचा सगळ्यांत लहान, पण दिसायला सगळ्यांत मोठा. खाली शुभेच्छुकांच्या चौतीस डोक्यांची रांग. त्यातलं एखादं डोकं शेजारच्याहून चिंचोक्याएवढं लहान पडलं तर रात्री अकराला फोन येतो. पक्ष बदलले की फक्त मागचा रंग बदलायचा. नानांच्या सुतळीची तेव्हा मला फार आठवण यायची. 'कार्यसम्राट' मीही एका फोल्डरमध्ये बांधून ठेवला आहे.

खरं भांडण व्हायचं ते रिकाम्या जागेवरून.

"इथं काहून काही नाही?"

"ते मोकळं सोडलंय. श्वास घ्यायला."

"कोणाला?"

मी गप्प. गिऱ्हाईक हिशेबी. "फ्लेक्सचे पैसे चौरस फुटावर घेता ना? मग हे चार फूट रिकामे, त्याचेही घेणार? मोसंबीच्या बागेत मी चार फूट पडीक ठेवतो का?" मी तोंड उघडून पुन्हा मिटलं. मोसंबीच्या दोन झाडांत चांगलं पंधरा-अठरा फूट अंतर ठेवावं लागतं, हे मला घरी जाताना रस्त्यात आठवलं. माझी बिनतोड उत्तरं नेहमी रस्त्यातच आठवतात. म्हणून तर मी लेखक झालो होतो.

मला खरा हात दिला बियाण्यांनी. जालन्याचे दोन मोठे धंदे: सळई आणि बियाणं. सळईला डिझाइन लागत नाही. ती नको तिथं वाकली नाही म्हणजे झालं. बियाण्याचं वेगळं. बद्रीनारायण बारवाल्यांनी इथं १९६४ साली महिको सुरू केली. त्याच कामासाठी १९९८ साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. जालन्याला बियाण्यांचं गाव ही ओळख मिळाली आणि लहानमोठ्या कंपन्यांची रांग लागली. आता बी हा असा माल आहे की विकत घेताना तो काय आहे हे दिसतच नाही. कोबी आणि मोहरी यांच्या बिया शेजारी ठेवल्या तर घरचा माणूसही चकतो. म्हणून चार महिन्यांनंतरचं पीक आज पाकिटावर दाखवावं लागतं. म्हणजे चक्क ललित लेखनच. मी मनातून हरखलो.

"भेंडी अजून हिरवी करा," शेठ म्हणायचे.

"याहून हिरवी केली तर तिला चोच फुटेल."

"फुटू द्या. शेजारच्या कंपनीची बघा."

हळूहळू मला पाकिटाची मागची बाजू कळायला लागली. पुढची बाजू शेठसाठी असते. शेतकरी दुकानात पाकीट हातात घेतो, भेंडीकडे ढुंकूनही बघत नाही, उलटं करतो आणि चष्मा वर सारून बारीक अक्षरं वाचतो: उगवणशक्ती किती टक्के, शुद्धता किती, लॉट नंबर, चाचणीची तारीख, मुदत कधीपर्यंत. १९६६चा बियाणे कायदा लेबलावर जे मागतो ते तो बोट ठेवून वाचतो. बी उगवलं नाही तर तक्रारीला तेच पाकीट लागतं, म्हणून पेरणी झाल्यावर ते जपूनही ठेवतो. माझ्या उभ्या आयुष्यात माझा मजकूर इतक्या लक्षपूर्वक वाचणारा आणि वाचून जपून ठेवणारा वाचक मला दुसरा भेटला नाही. कुंडलिकेवरचा लेख बायकोनंही अर्धाच वाचला होता.

आणि नेमका तिथंच मी गचकलो.

संकरित मिरचीचं पाकीट होतं. नवं सॉफ्टवेअर, नवा फॉन्ट. तीन दिवस मी मिरची घासत होतो. तिच्यावर पहाटेचं दव आणलं, देठाला तजेला आणला, बघणाऱ्याला ठसका लागावा असा लाल रंग काढला. छपाई दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी नाना चहाला आले. वय ऐंशीच्या घरात, पण रोज येत आणि दुकानातला पेपर जाहिरातींसकट वाचत. त्यांनी नमुना हातभर लांब धरला.

"ऋषींचा फोटो नाही टाकला?"

"कोणते ऋषी, नाना?"

"मरीची. ब्रह्मदेवाचे मानसपुत्र. सप्तर्षींतले. त्यांचंच पाकीट आहे ना?"

मी पाहिलं. ठसठशीत अक्षरांत छापून आलं होतं: 'संकरति मरिची'.

"त्यातून 'री' ऱ्हस्व केलीस," नाना शांतपणे म्हणाले. "ऋषी कोपतील."

ऱ्हस्व वेलांटी ही मोठी तऱ्हेवाईक बाई. बोलताना अक्षराच्या मागून येते आणि लिहिताना अक्षराच्या पुढं जाऊन उभी राहते. सॉफ्टवेअरच्या पोटात खोलवर कुठंतरी 'ही लिपी आपल्याकडची आहे, जपून' असं सांगून ठेवावं लागतं. सांगितलं नाही तर ती शेजारच्या अक्षराच्या घरात जाऊन बसते. चौकाचौकातल्या फ्लेक्सवर 'हार्दकि शुभेच्छा' दिसतात, त्या याच बाईच्या कृपेनं. मी त्यांना हसत असे. आणि इथं माझ्याच मिरचीत ब्रह्मदेवाचा मुलगा शिरला होता. बारा हजार पाकिटांची ऑर्डर होती. खरीप जवळ आला होता. शेतकऱ्यानं उलटून वाचलं असतं, सुलटून वाचलं असतं, आणि ऋषी किती दिवसांत उगवतात असं दुकानदाराला विचारलं असतं.

पाट्यांवरच्या चुकांपायी दोनदा उपाशी राहिलेला मी मुद्रितशोधक, तीन दिवस डोळ्यांसमोर असलेला 'मरिची' मला दिसला नव्हता. कारण त्या तीन दिवसांत मी वाचतच नव्हतो, बघत होतो. तेव्हा ध्यानात आलं की माणसाला वाचायचा डोळा वेगळा आणि बघायचा वेगळा. संपादक होतो तेव्हा बघायचा मिटलेला होता, म्हणून अर्ध्या पानाचं शीर्षक आणि मुंगीएवढा अग्रलेख मला खुपला नाही. डिझायनर झालो तसा तो उघडला, आणि दुसऱ्यानं निमूटपणे झोप काढली. नानांचे मात्र दोन्ही कायम उघडे. खिळा वाचावा लागे, आणि तो कुठं बसतो तेही बघावं लागे. एक डोळा मिटला की गॅली घसरून पायावर पडायची. माझ्या यंत्रात काहीच पायावर पडत नाही, हेच त्याचं वाईट.

शब्दांकडून अक्षरांच्या रूपाकडे वळलेला मी काही पहिला नव्हे. रघुनाथ कृष्ण जोशी कवी होते, जाहिरातीत रमले, पुढं आयआयटी मुंबईत शिकवलं, आणि विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांनी घडवला. कविता किती जणांनी वाचल्या कुणास ठाऊक, पण त्यांच्या अक्षरांत आपण सगळ्यांनी अर्ज केले. फरक एवढाच की ते त्या वाटेनं आपल्या पायानं गेले आणि मी ऑपरेटर पळाल्यामुळे ढकलला गेलो.

"लांब कशाला जातो?" नाना म्हणाले. "घनसावंगीकडं जा."

घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, जन्म १६०८चा. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. तो घरी जाऊन उघडला आणि कॉम्प्युटर बंद करून बसलो. अक्षर वाटोळं, सरळ आणि मोकळं असावं. ओळीला ओळ भिडू नये. काना, मात्रा, वेलांटी नीट उमटावी (वेलांटी!). पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत यावं, म्हणजे एकोणपन्नास फॉन्टांची हौस नको. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी वाचता येत नाही. आणि पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडून मधोमध लिहावं. कागद कडेनं झिजला तरी अक्षराला धक्का लागू नये. ज्यासाठी मी वीस वर्षं गिऱ्हाइकांशी भांडत होतो ते आमच्याच जिल्ह्यात जन्मलेला माणूस लिहून ठेवून गेला होता, आणि मी बी.ए.ला मराठीच घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी एक कार्यकर्ते आले. "ही कडेची जागा काहून सोडली?" मी या वेळी रस्त्याची वाट पाहिली नाही. ताडकन म्हणालो, "समर्थांनी सांगितलंय. कडेला जागा सोडायची."

त्यांनी पटकन हात जोडले. डोळे मिटले. मग म्हणाले, "मग त्या जागेत समर्थांचा फोटो टाका."

आताशा मी स्वतःचं कार्ड छापून घेतलंय. लोकांची हजारो केली, आपलं राहूनच गेलं होतं. अडचण एकच होती: नावाखाली काय लिहायचं? लेखक लिहिलं तर खोटं, संपादक लिहिलं तर जुनं, डिझायनर लिहिलं तर आत्या साड्या घेऊन येईल. तीन महिने विचार केला आणि नावाखाली काहीच लिहिलं नाही. नाव, फोन, आणि चहूबाजूंनी जागा. नानांनी हातभर लांब धरून पाहिलं. म्हणाले, "बरं बसलंय." यापेक्षा मोठा पुरस्कार मला मिळायचा नाही.

परवाच्या लग्नात मामा भेटले. मधल्या काळात समृद्धी महामार्ग बदनापूर-जालन्याच्या शिवारातून गेला; ११ डिसेंबर २०२२ला नागपूर ते शिर्डी टप्पा सुरूही झाला. शेजाऱ्यांच्या दारात गाड्या उभ्या राहिल्या. मामांच्या रानाला महामार्ग अर्ध्या किलोमीटरनं चुकला. पाझर तलावाचा वाढीव मावेजा मात्र होता तिथंच होता.

"सध्या काय करतो?"

मी काही न बोलता कार्ड पुढं केलं. मामांनी पुढून पाहिलं, मग शेतकऱ्याच्या सवयीनं उलटं केलं. मागं कोरं. त्यांचा चेहरा उजळला. "ही जागा चांगली ठेवली," ते म्हणाले. आयुष्यात प्रथमच माझ्या मोकळ्या जागेची कुणी तारीफ केली होती. मी भारावून गेलो. मामांनी खिशातून पेन काढलं आणि त्या जागेत, पंगतीतच, गट नंबर, क्षेत्र, निकालाचं साल, सगळं लिहून काढलं. वर मोठ्या अक्षरांत मथळा घातला: 'भुसंपादन'.

माझा हात माझ्या नकळत पुढं गेला. त्यांचं पेन घेतलं, ऱ्हस्व उकार खोडला, दीर्घ केला आणि कार्ड परत दिलं.

मामांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. मग अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा! मी तीस वर्षं सांगू राह्यलो, हा भूसंपादनातच आहे."

या वेळी मी नाही म्हणालो नाही.